खिडकीपासून साडेचार फूट

९ फेब्रुवारी

मायना काय लिहायचा यात अर्धा तास गेला. 'प्रिय' लिहिलं तर तू म्हणशील, आता आठवलं. 'सौ.' लिहिलं तर म्हणशील, पोस्टमनला दाखवायला लिहिलंय. तेव्हा मायना राहू दे, थेट मुद्द्यावर येतो.

फॉक्सटेल पाम मी तोडणार नाही.

हे आधीच सांगून टाकलं म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील, किंवा वाचणार नाहीस. फोन तू उचलत नाहीस. लेक म्हणाली, "बाबा, पत्र लिहा. आई फोन कापते, पण लिहिलेला कागद फाडत नाही. आणि फाडलाच तर तीच बसून रफू करेल." विनोदात पोरगी तुझ्यावर गेली आहे.

माझं उत्तम चाललंय. दोन्ही वेळचा स्वयंपाक स्वतः करतो. मीठ काट्यावर वजन करून घालतो, त्यामुळे कमी-जास्त होण्याचा प्रश्न नाही. दुकानात कामं भरपूर आहेत. काल एका किराणावाल्याचा तराजू आला, पाच किलोला तीस ग्रॅम खात होता. दुपारपर्यंत सरळ करून दिला.

तुझ्या ताईंकडे बसून तू त्यांना काय सांगितलं असशील याची मला कल्पना आहे. म्हणून माझी बाजू क्रमाने लिहितो. बावीस वर्षं तू रफूचं काम करतेस आणि बावीस वर्षांत एकही कपडा परत आला नव्हता, हे मला मान्य आहे. जानेवारीत वकीलसाहेबांचा राखाडी कोट आला. बाहीवर इस्त्रीने जळलेली नाण्याएवढी जागा. तू धाग्याला धागा विणून ती बुजवलीस. हात फिरवून मलाही सापडली नव्हती. पण न्यायला आले तेव्हा त्यांनी फाटकाशी उन्हात कोट धरला आणि म्हणाले, "बाई, इथे जरा हिरवट दिसतंय." तू म्हणालीस, झाडामुळे. खिडकीत झावळ्या, सगळा उजेड त्यांच्यातून गाळून येतो, धाग्याचा रंग निवडणार कसा? त्यावर मी तुझ्या डोळ्यांबद्दल काहीतरी बोललो. ऐकायला वकील, त्यांचे कारकून आणि ताई, एवढीच माणसं होती. तेवढ्यावरून कुणी घर सोडत नाही.

डोळे तपासल्याचा कागद टेबलावर ठेवून गेलीस. वाचला. दोन्ही डोळे उत्तम. फाइलला लावला.

आता झाडाचं. अकरा वर्षांपूर्वी तीन बिया दोन दिवस पाण्यात भिजवून काथ्याच्या भुशात पुरल्या, त्यातली एकच रुजली, तीही नव्वदाव्या दिवशी. कोंब दिसला तेव्हा हाक तूच मारली होतीस. मी आंघोळ अर्धी टाकून आलो. खिडकीपासून साडेचार फुटांवर लावणं चुकलं असं आज सगळे म्हणतात. तेव्हा ते गुडघ्याएवढं होतं. गुडघ्याएवढ्या झाडाला साडेचार फूट म्हणजे मैदान.

लोक मला काटेवाले म्हणतात. काटेकोर तू म्हणतेस, आणि कौतुकाने म्हणत नाहीस हे मला माहीत आहे. तरी सही त्याच नावाने करतो.

काटेकोर


२६ फेब्रुवारी

काल सकाळी रोपवाला करवत घेऊन फाटकात उभा. म्हणाला, वहिनींचा फोन होता. म्हणजे माझा फोन उचलायचा नाही आणि रोपवाल्याला स्वतःहून करायचा! बरं.

"काटेवाले, वहिनींनी सांगितलंय, वरून सहा फूट छाटा."

मी म्हटलं, "नर्सरी चालवतोस की केस कापतोस? पामला वरून छाटतात का?"

"मला माहीत आहे हो. छाटला की मरेल, मेला की काढू. वहिनींना खिडकी मिळेल, तुम्हाला गरम जेवण. मी मधे नुसता निमित्त."

त्याला चहा पाजून करवतीसकट परत पाठवला. तुला मात्र नीट समजावून सांगतो, कारण तू एरवी बिनमाहितीचं बोलणारी नव्हेस. आंब्याची फांदी कापली तर शेजारून दुसरी फुटते. पामला फांदीच नाही. सगळं झाड एका शेंड्यावर उभं असतं. त्या शेंड्याच्या आत मुठीएवढा गाभा असतो, पानं तिथूनच निघतात. तो गेला की खालचा अकरा फुटांचा बुंधा म्हणजे खांब. त्यामुळे 'थोडा लहान करून घ्या' असं पामच्या बाबतीत नसतं. आहे तेवढा ठेवा, नाहीतर मारा.

मी आठवीनंतर शाळा पाहिली नाही. हे सगळं वाचनालयातल्या जाड इंग्रजी पुस्तकातून शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलंय, एकेका पानाला दोन संध्याकाळी घालून. रोपवाल्याकडे शेतकी शाळेचा दाखला आहे. तो अजून पामच्या बुंध्याला आंब्याचं खोड समजून चुना फासतो.

आणि आणखी एक. तू ताईंना सांगितलंस म्हणे, की मी त्या खिडकीसाठी आजवर काहीच केलं नाही. लेकीने मला सांगितलं. तर एकदा टेप घेऊन बुंधा मोज. जमिनीपासून चार फुटांवर घेर चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. सहा फुटांवर पुन्हा बहात्तर. मधे, पाच फुटांवर, अठ्ठावन्न. कमरेला करकचून दोरी बांधल्यासारखं. ते कशामुळे झालं हे तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

सहा वर्षांपूर्वी तू पहिल्यांदा म्हणालीस, की टेबलावर सावली येते. त्यानंतर दोन वर्षं तू दुपारी पडलीस की मी खिडकीकडची हिरवी पानं काढायचो. या पामची जुनी पानं आपोआप गळतात, त्यामुळे माझी चोरी कधी पकडली गेली नाही. पुढे त्या पुस्तकात वाचलं, की हिरवं पान म्हणजे पामचं जेवण. उपासमारीच्या काळात वाढलेला बुंधा बारीक राहतो, आणि पुढे कितीही खत घाला, ती जागा पुन्हा भरत नाही. मी कापणं थांबवलं. टेबलावर सावली परत आली. तुला वाटलं, मी हट्टाला पेटलो.

हे दया यावी म्हणून लिहीत नाही. नोंद असावी म्हणून लिहितो.

झाडाभोवती खणलंय ते पाण्यासाठी आळं आहे. येता-जाता कुणी बघून तुला कळवेल, म्हणून मीच आधी लिहितो.


१९ मार्च

लेक दोन दिवस येऊन गेली. फाटकातून आत आली ती थेट झाडाशी जाऊन वाकली.

"बाबा, हे आळं आहे?"

"आळंच आहे."

"दोन फूट खोल?"

"माझं आळं आहे. खोल असतं."

तिने खड्ड्यात हात घालून बघितला. तुझ्यासारखीच काही न बोलता बरंच बोलते. मग जेवताना म्हणाली, "आईच्या टेबलाशी बसून तुम्ही कधी रंग निवडून बघितलाय?" मी म्हटलं, माझं काम वजनाचं, रंगाचं नाही. म्हणाली, "मग न मोजता बोललात." हे मला लागलं. न मोजता बोललो असं मला आजवर कुणी म्हणालेलं नाही.

म्हणून मोजलं. पद्धत लिहितो, म्हणजे तुला दोष काढता येणार नाही. तुझ्या चिंध्यांच्या टोपलीतून राखाडी कापडाचे सोळा तुकडे काढले. तुझ्या खणात राखाडी धाग्याची तेवीस रिळं निघाली. राखाडी तेवीस प्रकारचा असतो हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. सकाळी अकरा वाजता तुझ्या खुर्चीत बसून प्रत्येक तुकड्याला जुळणारं रीळ निवडलं, धागा कापून तुकड्याला टाचला. मग सगळे तुकडे घेऊन उन्हात गेलो.

सोळातले अकरा चुकले. चुकलेल्यांतले नऊ हिरव्या अंगाचे.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेच सोळा तुकडे घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलो. तिथे झाड नाही. दोन चुकले. लेकीलाही दोन्हीकडे बसवलं. तिचे तुझ्या टेबलाशी नऊ चुकले, स्वयंपाकघरात एक. तिचे डोळे चोवीस वर्षांचे आहेत.

तेव्हा निष्कर्ष असा: तुझ्या टेबलावरचा उजेड सकाळी दहा ते दुपारी तीन हिरवा असतो आणि त्याला कारण झाड आहे. हे मी लिहून सही करून द्यायला तयार आहे. किंबहुना देतोच आहे.

लेक म्हणाली, "आता पुढचं वाक्य लिहा."

"कुठलं?"

"बाबा, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत नाही. उजेडाचं जे सिद्ध झालं ते मी मान्य केलं. त्यापुढे वाक्य शिल्लक राहतं असं मला वाटत नाही.

झाडाचं काय करायचं ते मी बघतोय. आणि ते सांगायला मी कुणाला बांधील नाही.


२७ एप्रिल

आळं नव्हतं ते. मुळं छाटत होतो.

फेब्रुवारीत एका बाजूची, मार्चमध्ये दुसऱ्या बाजूची. मधे वेळ द्यावा लागतो, म्हणजे कापल्या जागी नवी बारीक मुळं धरतात आणि झाडाला एकदम धक्का बसत नाही. परवा, २५ तारखेला, झाड हलवलं. जुन्या जागेपासून फाटकाच्या कोपऱ्यात. आता बुंधा आणि खिडकीची भिंत यांत एकोणीस फूट दोन इंच आहेत.

कोण कोण होतं ते लिहितो. मी, रोपवाला, त्याची दोन माणसं, आणि मोटार गॅरेजवाला, कारण इंजिन उचलायचं लोखंडी तिकाटणं आणि चेनपुली त्याची. रोपवाला सकाळपासून एकच पालुपद आळवत होता. "अकरा फुटी फॉक्सटेल कुणी हलवत नाही हो. नवा आणून लावा की, माझ्याकडे आहेत चांगले."

"तुझ्याकडचे कुंडीत गुदमरलेले आहेत. मुळं वेटोळी घालून बसलीत."

"मग हा मेला की मला सांगू नका."

"तुला सांगणारच नाही. हा जगला की सांगेन."

"जगला तर नर्सरीच्या दारावर तुमचं नाव लिहीन. पामचे डॉक्टर म्हणून."

मुळांचा गोळा एक मीटर रुंद ठेवला होता, गोणपाटात घट्ट शिवलेला. दाभणाने मी शिवला, टाके बघून तू हसली असतीस. वजनावरून वाद झाला. रोपवाला म्हणाला पाचशे किलो, गॅरेजवाला म्हणाला सातशे, मी म्हटलं नऊशे. साखळीला दुकानातला हुकाचा काटा लावला. झाड जमिनीवरून चार इंच उचललं, काटा थांबला, नऊशे बारा. सगळ्यांना वाचायला लावलं.

खालची चार पानं कापली. कापताना मलाच कसंतरी झालं, पण मुळं तुटली की झाडाला तेवढं पाणी झेपत नाही. उरलेली सैलसर बांधली, शेंड्याला हात लावू दिला नाही. खड्ड्यात पूर्वीइतक्याच खोलीवर ठेवलं, बुंध्यावर आधीच खडूने रेघ मारली होती. पाणी सोडत सोडत माती भरली, म्हणजे आत पोकळी राहत नाही.

भांडण झालं ते आधाराच्या बांबूंवरून. रोपवाल्याचा माणूस बांबू ठोकायला खिळा आणि हातोडी घेऊन बुंध्याशी पोचलाच होता. मी इतक्या जोरात ओरडलो की समोरच्या घरातली माणसं गच्चीवर आली. पामच्या बुंध्याला झालेली जखम भरत नाही. दुसऱ्या झाडाची साल वाढून खिळा झाकते. पामला ती सोय नाही, केलेलं भोक जन्मभर उघडं राहतं. म्हणून आधी गोणपाट गुंडाळलं, त्यावर फळ्यांचे तुकडे पट्ट्याने आवळले आणि बांबू त्या फळ्यांना ठोकले. रोपवाला म्हणाला, "स्वतःच्या हाडाला तरी एवढं जपता का?"

खिडकीतून आता समोरच्या घराची भिंत दिसते. पांढरी आहे. काल अकरा वाजता तुझ्या टेबलाशी सोळा तुकडे पुन्हा लावून बघितले. एक चुकला.

हे तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. झाडालाही तिथे भिंत लागत होती.


११ जुलै

जगलं!

आधी लिहिलं नाही, कारण खात्री नव्हती. आणि खात्री नसताना मी बोलत नाही.

पामचं नवं पान मिटलेलं येतं, भाल्यासारखं सरळ. तो भाला वर सरकला तर झाड जिवंत. मी शिडी लावून भाल्यावर आणि शेजारच्या देठावर एका रेषेत शाईची खूण केली. रोज सकाळी सात वाजता व्हर्निअरने दोन खुणांमधलं अंतर मोजायचं. पहिले एकेचाळीस दिवस शून्य. वहीत एकाखाली एक एकेचाळीस शून्यं. जुनी पानं टोकाकडून तपकिरी पडत होती. रोपवाला रोज जाता-येता फाटकातून ओरडायचा, "डॉक्टर, पेशंट कसा आहे?"

एक दिवस आत येऊन म्हणाला, "एवढा जीव टांगणीला कशाला? भाला धरून जरा ओढा. हातात आला तर आतून कुजलाय, नाही आला तर जगेल. एका मिनिटात निकाल."

मी ओढला नाही. तो म्हणाला, "घाबरलात."

"घाबरलो नाही. तू तुझी कोवळी रोपं उपटून मुळं धरलीत का बघतोस, तसं मी बघत नाही."

बेचाळिसाव्या दिवशी तीन मिलिमीटर. मी चष्मा पुसून पुन्हा मोजलं. तीनच. पुढच्या आठवड्यात दिवसाला आठ. आणि ८ तारखेला पान उघडलं, जुन्या पानांपेक्षा आखूड, रंगाने जरा फिकं, पण चहूबाजूंनी फुललेलं, कोल्ह्याच्या शेपटीसारखं. नर्सरीच्या दारावर रोपवाल्याने खडूने लिहिलंय, 'पामचे डॉक्टर समोर राहतात'. अक्षर मुद्दाम वाईट काढलंय.

तर आता परिस्थिती अशी आहे. खिडकी मोकळी आहे. उजेड पांढरा आहे. झाड जिवंत आहे. माझ्याकडून जे होण्यासारखं होतं ते सगळं झालंय. आता तू यायला हरकत नाही.


२ ऑगस्ट

तुझं कार्ड आलं. सहा महिन्यांतलं पहिलं. उत्तर देताना तुझेच शब्द पुन्हा उतरवून घेतो, म्हणजे मी काही गाळलं असं व्हायला नको:

"झाड जगलं, बरं वाटलं. बुंध्याचं पत्र मी वेगळं काढून ठेवलंय. पण माझ्या डोळ्यांबद्दल वकिलांसमोर जे बोललात त्याचं काय? नऊशे बारा किलो हलवलंत, एक वाक्य हलत नाही?"

पहिलं उत्तर त्याच दिवशी लिहिलं. रागाचं होतं. दुसरं त्याहून. तिसऱ्यात फक्त मुद्दे होते, एक ते नऊ. तीनही टाकली नाहीत. चौथं हे.

मी काय बोललो होतो ते मी आजपर्यंत एकाही पत्रात लिहिलेलं नाही. पत्रं तुझ्याकडे आहेत, बघ. 'काहीतरी बोललो' असं लिहिलंय. ज्या माणसाला बुंध्याचा घेर सेंटिमीटरमध्ये आठवतो, त्याला स्वतःचं वाक्य 'काहीतरी' म्हणून आठवतं! तर ते असं होतं: "डोळे गेलेत हो हिचे आता. बारीक काम देत जाऊ नका हिला." आणि हसलो होतो. पुढच्या पंधरा दिवसांत सात जण कपडे न होताच परत घेऊन गेले. तू ते सातही कपडे घड्या घालून दिलेस. मी बघत होतो.

परवा सकाळी वकिलांच्या कचेरीत गेलो. चार पक्षकार बसले होते.

"या काटेवाले. कुणी वजनात मारलं?"

"मी मारलं," मी म्हटलं. "तुमचे कारकून कुठे आहेत? त्यांच्यासमोर बोलायचंय. तेव्हा ते होते."

कारकून शेजारच्या टपरीवर होते. पेल्यासकट आले. मी उभ्यानेच बोललो, बसा म्हटलं तरी बसलो नाही. "जानेवारीत माझ्या फाटकाशी मी सांगितलं होतं, की हिचे डोळे गेले. ते खोटं आहे. तिचे डोळे उत्तम आहेत. धागा चुकला तो उजेडाने, उजेड बिघडला तो झाडाने, आणि झाड तिथे मी लावलं होतं. तिने तेव्हाच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

वकील खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे साक्ष फिरवताय."

"फिरवत नाही. खोटी होती ती मागे घेतोय."

"पुरावा?"

मी सोळा तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवून नेले होते, वर हिरव्या उजेडातले धागे, खाली पांढऱ्यातले. त्यांनी पुठ्ठा खिडकीशी नेला, आडवा-उभा धरला, पक्षकारांनाही दाखवला. एका म्हातारबुवांनी तर चष्मा मागून घेतला. मग वकिलांनी खुंटीवरचा कोट काढला. तोच, राखाडी. बाहीवरची जागा माझ्यापुढे धरली.

"सात महिने हाच अंगात घालून उभा राहतोय मी. एका माणसाच्या लक्षात आलेलं नाही."

मला ते सहन झालं नाही. "मग गावभर बोंब कशाला मारलीत?"

"मी? मी म्हणालो, जरा हिरवट दिसतंय. संपलं. डोळे गेले हे माझं वाक्य नाही, काटेवाले. तुमचं."

मग कारकून खाली बघत म्हणाले, "रागावू नका. कोर्टाच्या बाररूममध्ये मीच सांगितलं सगळ्यांना. एक जण म्हणाला, नवऱ्याच्या बोलण्यावर काय जायचं. मी म्हटलं, दुसरा कुणी असता तर गेलो नसतो. पण काटेवाले बोलतात ते मोजून बोलतात."

तीस वर्षं या बाजारात शब्दाला वजन यावं म्हणून मी ग्रॅमग्रॅमसाठी भांडलो, आणि ते सगळं वजन एका सकाळी तुझ्यावर टाकलं. दुसऱ्या कुणाचं बोलणं लोकांनी हसण्यावारी नेलं असतं. निघताना वकील म्हणाले, "बाईंचा पत्ता द्या." दिला.

तर लिहितो. तुझे डोळे चांगले आहेत. तेव्हाही होते. मी चुकलो. तू एक वाक्य मागितलं होतंस, ही तीन झाली.

हे ताईंना मोठ्याने वाचून दाखव, कारण त्या दिवशी त्याही होत्या. आणि यात कुठेही 'परत ये' असं लिहिलेलं नाही हेही त्यांना दाखव. झाड हलवल्यावर मी तसं लिहिलं होतं, म्हणजे झाडाच्या बदल्यात मागितलं होतं. ते शब्द मागे घेतो. या पत्राच्या बदल्यात काही मागत नाही.


२१ सप्टेंबर

पत्र मिळालं. चार पानं! वकिलांनी कोट तुझ्याकडे पार्सलने पाठवला, तू जुना धागा उसवून पुन्हा विणलास, आणि आता त्यांनाच ती जागा सापडत नाही, हे वाचून मी दुकानात मोठ्याने हसलो. गिऱ्हाईक घाबरलं.

तिथे तुला चांगली खोली मिळाली आहे, दोन बाजूंनी उजेड येतो, काम सुरू झालंय, हेही वाचलं. परत यायचं की नाही ते ठरलेलं नाही, हे दोनदा वाचलं. ठीक आहे. ठरव. घाई नाही.

पण शेवटच्या पानावर लिहिलंस, "फाटकावरची 'रफू करून मिळेल' ही पाटी काढून ठेवा. लोक उगाच हेलपाटे घालतात." त्याला माझं उत्तर: काढणार नाही.

हेलपाटे उगाच नाहीत. या महिन्यात नऊ माणसं आली. त्यातले तीन जण त्या सातांपैकी आहेत. एक बाई दारात घुटमळत म्हणाली, "तेव्हा मी घेऊन गेले होते हो, कुणी काही बोललं म्हणून." मी म्हटलं, "कुणी नाही, मी बोललो होतो." कपडे मी घेतो, फाटलेल्या जागेचं माप लिहून चिठ्ठी टाचतो आणि सोमवारच्या गाडीने तुला पाठवतो. ज्यांना घाई असते त्यांना तुझा पत्ता देतो. रंगाबद्दल कुणाला एक अक्षर सांगत नाही. ते तुझं काम.

पाटीला चार स्क्रू आहेत. चारही मी बसवलेत, गंजलेत, पण तेल घातलं तर दहा मिनिटांत निघतील. प्रश्न तो नाही. माझ्या तोंडाने तुझं काम एकदा बंद पाडलं. माझ्या हाताने दुसऱ्यांदा पाडणार नाही. तू सांगितलंस तरी नाही, ताईंनी सांगितलं तरी नाही, आणि लेक काल फोनवर म्हणाली, "बाबा, आई सांगते ते एकदा तरी मुकाट्याने करा," तरीही नाही.

पाटी तुझी आहे. उतरवायची असेल तर येऊन तुझ्या हाताने उतरव. स्क्रूंना आजच तेल घातलंय. स्टूल जरा डुगडुगतं, ते मी खालून धरून उभा राहीन. वर चढून तू ती काढलीस तरी, आणि नुसती पुसून खाली उतरलीस तरी, मी एक शब्द बोलणार नाही.